सहावी बॅटरी

बॅटरी मी निवडली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको. मुलुंडच्या आमच्या कारखान्यात अजून सगळे म्हणतात की अनंतरावांनी केलं. अनंतराव नुसते बोलले. हात माझे होते.

अनंतराव म्हणजे भाऊंचा मुलगा, आणि भाऊ म्हणजे मालक. एका जुन्या लेथवर सुरुवात केलेला माणूस. पाण्याच्या पाइपांचे व्हॉल्व बनवायचे. जीभ अशी तिखट की माणूस घरी जाऊन जेवला तरी तोंड भाजलेलंच राहायचं. पण पगार कधी चुकला नाही, आणि कामावरून काढलेला माणूस मी तरी पाहिला नाही. संपात आमची मिल बुडाली, तेव्हा मी लालबागहून रिकाम्या हातांनी आलो होतो. मिलमध्ये वायरमन होतो. संपवाला म्हटल्यावर कोणी दारात उभं करत नव्हतं. आमच्या गावचा दत्ताराम इथे मोल्डिंगला होता, म्हणजे वाळूच्या साच्यात धातूचा रस ओतायच्या खात्यात. त्याने मला हाताला धरून भाऊंपुढे नेलं.

भाऊंनी एकच विचारलं, "पिचकारी धरता येते?"

पिचकारी म्हणजे बॅटरीतलं पाणी ओढून त्याची ताकद बघायची काचेची नळी. म्हटलं, येते. त्याच दिवशी कामाला लागलो, आणि कंपाउंडातच एक खोली मिळाली. बायको जानकी आणि पोरगी गावाहून आल्या. हे उपकार मी विसरलो असं समजू नका. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

त्र्याऐंशीला भाऊंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बंगला खाली, रस्त्याच्या फाटकापाशी, आणि कारखाना वर, डोंगराच्या अंगाला. मध्ये चांगला दमवणारा चढ. चाकाची खुर्ची त्यावर ढकलून घ्यायला भाऊ तयार नव्हते. "माझ्या कारखान्यात मी दुसऱ्याच्या हाताने जाणार नाही," असं म्हणाले आणि दोन महिने बंगल्यात कुढत बसले. मग कुठल्या परदेशी कंपनीचा साहेब गाशा गुंडाळून मायदेशी निघाला, त्याच्या सामानाच्या लिलावात त्यांना ही गोल्फची गाडी मिळाली. गोल्फ कसं खेळतात ते आमच्यात कोणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. पण गाडी झकास. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही. उजव्या पायाखाली दोन पेडल, एक चालायचं, एक थांबायचं. भाऊंचा उजवा पायच तेवढा शिल्लक होता, त्यामुळे गाडी त्यांच्या मापाने शिवल्यासारखी झाली. पोरं मागून तिला बाबागाडी म्हणायची. भाऊंना ते माहीत होतं.

त्या गाडीवर भाऊ रोज वर यायचे. मोल्डिंगच्या दारात गाडी उभी करून तासभर शिव्या द्यायचे आणि तरतरीत होऊन खाली जायचे. डॉक्टरच्या औषधापेक्षा त्यांना ते लागू पडलं.

सीटखाली सहा बॅटऱ्या होत्या. एकेक सहा व्होल्टची, एकीला एक जोडलेली. दर सोमवारी सकाळी मी सीट उचलायचो आणि पिचकारीने एकेक घर तपासून आकडे मोठ्याने वाचायचो. प्रत्येक बॅटरीला तीन घरं, म्हणजे अठरा आकडे. "बाराशे साठ, बाराशे साठ, बाराशे पंचावन्न..." भाऊंना वाकता येत नव्हतं. ते बंगल्याच्या पायरीवर खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकायचे, कीर्तन ऐकावं तसे. एखादा आकडा पाचाने घसरला तर एक डोळा उघडायचे.

शहाऐंशीच्या श्रावणात सहाही बॅटऱ्यांनी मान टाकली. गाडी निम्म्या चढावर हाशहुश करायला लागली. भाऊंनी मला बोलावलं.

"धाकू, नवीन सेट बघ. तू निवड, मी पैसे देतो."

"बाहेरची मिळणार नाही, भाऊ. लायसनची भानगड. गोदीतून कोणी आणून देईलही, पण ती किती दिवस पडून होती ते कळायचं नाही."

"मग?"

"ट्रकच्या मिळतील, बारा व्होल्टच्या. तीन घेतल्या की काम होतं. स्वस्त पडतील."

"ट्रकची बॅटरी एक धक्का देते आणि झोपते," भाऊ म्हणाले. "मला धक्का नको. मला वर पोचायचंय. हे बघ, कंपनीचं नाव बघू नकोस, रंग बघू नकोस. वजन बघ. शिसं खोटं बोलत नाही."

मी घाटकोपरला चंद्रप्रकाशकडे गेलो. हा माणूस पत्र्याच्या शेडमध्ये हाताने बॅटऱ्या बांधायचा. माल उचलायच्या गाड्यांना लागतात तशा, जाड प्लेटच्या. प्रत्येक बॅटरीच्या खांबावर स्वतःच्या नावाचा शिक्का ठोकायचा. मी एक उचलून पाहिली तर कंबर बोलली. एकवीस किलो. मनात म्हटलं, हीच. सहा बांधायला सांगितल्या. इथपर्यंत मी इमानदारीने वागलो, हे लिहून ठेवा.

त्याच आठवड्यात अनंतरावांनी मला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. मालकाचा पोरगा वायरमनला चहा मागवतो तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"भाऊ म्हणतात, खंडेनवमीला वर येऊन मोल्डिंगच्या दारात स्वतःच्या हाताने नारळ फोडणार," अनंतराव म्हणाले. "गेल्या वर्षी सगळ्यांपुढे बोललेच ना, जोवर मी इथे नारळ फोडतोय तोवर ही भट्टी विझणार नाही."

"हो, बोलले होते."

"ती भट्टी मला विझवायचीय, धाकू. मोल्डिंग तोट्यात आहे. मी वापीला जागा घेतलीय, ओतकाम तिकडे करायचं. इकडच्या चाळीस माणसांचा हिशेब करून टाकायचा. नवमीला सगळे एका जागी असतात, तेव्हाच सह्या घेणार आहे. पण भाऊ वर आले तर एक अंगठा उमटणार नाही. त्यांच्या एका शिवीवर हे लोक जीव देतील."

मी कपातली साय बोटाने बाजूला केली.

"त्यांच्याच तब्येतीसाठी म्हणतोय मी. डॉक्टरांनी त्रागा करू नका म्हटलंय. नवमीला ते वर पोचले नाहीत तर त्यांचंही भलं होईल." मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "वापीला मेंटेनन्सला सुपरवायझर लागणार आहे. क्वार्टर दोन खोल्यांचं."

एवढंच. बॅटरीचं नावही त्यांनी घेतलं नाही. तब्येतीची गोष्ट मी घट्ट धरून ठेवली, पाप करताना माणसाला काहीतरी धरायला लागतं. पण डोळ्यांपुढे होत्या त्या दोन खोल्या. खोटं कशाला बोलू?

आंब्याच्या अढीत एक नासका राहिला की सगळी अढी जाते, हे आमच्या कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बॅटऱ्यांचं तसंच. पाच चांगल्या आणि एक रद्दी जोडली, तर रद्दी त्या पाचांना घेऊन बसते. मी परत घाटकोपरला गेलो आणि चंद्रप्रकाशला सांगितलं, सहा नको, पाच दे. सहावी मी आणतो.

त्याने हातातली सळई खाली ठेवली. "धाकूभाय, पाँच नया और एक पुराना? वो छठा पाँचों को खा जाएगा."

"तू दे ना यार."

"देता हूँ. मगर उसपे मेरा नाम नहीं लगेगा."

गाडीतल्या जुन्या सेटमधली त्यातल्या त्यात बरी एक मी काढली. पुसली, वर नवीन डांबर ओतलं आणि काळा रंग दिला. पाचांच्या शेजारी ठेवल्यावर सख्खी बहीण वाटत होती. बसवताना ती सगळ्यात आत, मोटरच्या बाजूला बसवली. तिथे फक्त माझाच हात पोचायचा.

सोमवारी सकाळी मी आकडे वाचले. पंधरा घरं खरी वाचली. सोळाव्यात पिचकारीचा तरंगता दांडा बुडाल्यासारखा खाली गेला. अकराशे ऐंशी. मी म्हटलं, "बाराशे पन्नास." आवाज हलला नाही. भाऊंचे डोळे मिटलेलेच होते.

"छान निवडलीस," ते म्हणाले.

सहा सोमवार मी हे केलं. पहिल्यांदा घाम फुटला. तिसऱ्या वेळी फुटला नाही. माणूस फार लवकर शिकतो.

रोज रात्रभर चार्ज दिला की ती रद्दीसुद्धा भाऊंना कशीबशी वर नेऊन सोडायची. म्हणून मला नवमीच हवी होती. भाऊंचाच नियम होता, अष्टमीच्या दिवेलागणीला कारखान्याचा मेन स्विच खाली. यंत्रांना वर्षातून एकदा झोप. नवमीला पूजा होऊन नारळ फुटेपर्यंत कोणी बटणाला बोट लावायचं नाही, गाडीच्या चार्जरलासुद्धा नाही. एकदा एका फोरमनने चोरून पंखा लावला तर त्याला सगळ्यांदेखत नाक घासायला लावलं होतं. अष्टमीला भाऊ वर जाऊन आले, आणि मी गाडी चार्जरला लावलीच नाही. संध्याकाळी विचारलं तेव्हा म्हटलं, दुपारभर लावली होती, भरली आहे.

नवमीला सकाळी भाऊ पांढरं धोतर नेसून गाडीत बसले. मांडीवर नारळ. उटणं लावून आंघोळ घातलेल्या पोरासारखे दिसत होते, आणि मला त्यांचा राग आला. का आला ते आजही सांगता येणार नाही.

"तू पुढे हो," ते म्हणाले. "लिंबू तयार ठेव. गाडीच्या चाकाखालीही द्यायचंय. मी आलोच."

मी वर गेलो. मोल्डिंगच्या दारात झेंडूचं तोरण होतं. साचे, फावडी, पळ्या धुऊन मांडल्या होत्या, हळदकुंकू वाहिलं होतं. चाळीस माणसं इस्त्रीचे सदरे घालून उभी होती. दहा वाजले. सव्वादहा झाले. दत्ताराम पुढे आला.

"भाऊ खंय?"

मी बघून येतो म्हणून निघालो. कारखान्याच्या भिंतीला वळसा घातला की चढ दिसतो. चढाच्या मध्यावर, पाण्याच्या टाकीपाशी गाडी थांबली होती. वर ऑक्टोबरचं ऊन. भाऊ सरळ बसले होते, उजवा हात स्टिअरिंगवर, उजवा पाय ब्रेकवर. हातब्रेकचा खटका जुना, तो धरत नव्हता. म्हणजे पाय उचलला की गाडी मागे घरंगळणार, थेट फाटकापर्यंत. उतरावं तर डावा पाय नाही. ओरडावं तर झटक्यापासून त्यांचा आवाज दहा पावलांपलीकडे जात नव्हता.

त्यांनी मला पाहिलं. हनुवटी जराशी वर केली, ये म्हणून.

मी मागे फिरलो.

आत अनंतरावांनी नारळ हातात घेतला होता. "भाऊंना बरं नाही," ते सगळ्यांना म्हणाले. "त्यांनीच मला सांगितलंय, नारळ तू फोड. आणि हा जो कागद आहे, तो त्यांच्या संमतीनेच आहे."

दत्ताराम म्हणाला, "असं भाऊ आम्हाला येऊन सांगू देत."

"धाकू, तू आत्ताच बघून आलास ना?" अनंतरावांनी विचारलं.

चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. त्यात दत्ताराम. ज्याने मला हाताला धरून आणलं होतं, तो.

"झोपलेत," मी म्हटलं. "म्हणाले, अनंत सांगेल तसं करा."

दत्ताराम माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने सदऱ्याला हात पुसले आणि सगळ्यांत पहिली सही केली. तो माझ्या शब्दावर गेला. बाकीचे त्याच्या मागून. आरती झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. मी दोन पेढे खाल्ले.

सव्वाअकरानंतर माणसं वरच्या दाराने बाहेर पडली आणि मी चढावर आलो. भाऊ तसेच बसले होते. तासभर. धोतर मांडीपर्यंत भिजलं होतं, घामाने की कशाने ते मी बघितलं नाही. उजवी पोटरी थडथड उडत होती. मी चाकामागे दगड लावला.

"काढू का आता पाय?" भाऊंनी विचारलं.

"काढा."

त्यांनी हाताने गुडघा धरून पाय उचलला आणि बाजूला ठेवला. नारळ मांडीवरच होता. वरून आरतीचा आवाज त्यांना ऐकू आला असणारच, तरी त्यांनी काही विचारलं नाही.

दोन दिवस ते खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. स्टोअरमधला वजनकाटा बंगल्याच्या अंगणात आणवला होता. म्हणाले, "सहाही काढ. एकेक ठेव."

मी ठेवल्या. एकवीस. एकवीस. एकवीस. एकवीस. एकवीस. सहावी हातात घेतली तेव्हाच हलकी लागली. काट्यावर ठेवली. सतरा.

भाऊंनी काटा बघितला, मग खांबावर शिक्का आहे का ते बघायला वाकायचा प्रयत्न केला. वाकता आलं नाही. मला वाटलं आता जोडा येईल. यावा असंच वाटत होतं.

"बसव परत," ते म्हणाले. "होती तशीच."

सह्या झाल्या होत्या, आता भाऊंनाही ते फिरवता येणार नव्हतं. दिवाळीनंतर चाळीस माणसांचा हिशेब झाला. दत्ताराम गावी गेला. जाताना जानकीला भेटला, मला नाही. मी अनंतरावांना वापीचं विचारायला गेलो. ह्या वेळी चहा नव्हता.

"तुला?" ते म्हणाले. "जो माणूस माझ्या बापाशी असं करू शकतो, त्याला मी माझ्या कारखान्यात ठेवू? उद्या माझ्याशी काय करशील? महिनाअखेर खोली खाली कर."

मला हसू आलं, खरंच सांगतो. जिन्यात बसून हसलो.

त्याच संध्याकाळी निरोप आला की भाऊंनी धाकूला स्वतःसाठी मागून घेतलंय. पगार त्यांच्या खिशातून, खोली तशीच. जानकीने देवापुढे साखर ठेवली. "देवमाणूस हा तो," ती म्हणाली. "दुसरो असतो तर लाथ मारून भायर घातल्यान असतो." मी तिला खरं सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता भाऊ गाडीत बसतात. वर जायचं असतं, बंद मोल्डिंगच्या दारात. तिथे आता काही नाही, थंड भट्टी आणि वाळूचा ढीग. गाडी टाकीपाशी थांबते. भाऊ म्हणतात, "हं." मी मागे जाऊन खांदा लावतो. गाडी, बॅटऱ्या आणि भाऊ, सगळं मिळून पाच क्विंटलला कमी नाही. मशीन शॉपची पोरं चहा घेऊन बघायला उभी राहतात. पहिल्या महिन्यात मी म्हटलं, "भाऊ, माझ्या पगारातून एक नवीन बॅटरी आणतो. सहाही नीट चालतील."

"सेट तू निवडलायस," ते म्हणाले. "तोच चालेल."

वर्ष गेलं. सहावीने पाचांना खाल्लं, चंद्रप्रकाश म्हणाला होता तसंच. गाडी टाकीच्या आधी थांबायला लागली, मग फाटकापासूनच ढकलायला लागली. माझं वय पन्नाशीला आलं. खांद्याला गाठ आली. सोमवारी मी अजून आकडे वाचतो, आता सगळे खरे. अकराशे, अकराशे दहा, अकराशे. भाऊ डोळे मिटून ऐकतात.

गेल्या गणपतीच्या आधी एक दिवस वर पोचल्यावर मला जळका वास आला. मोटर नव्हती, ती तर फिरतच नाही. मागच्या चाकापाशी बसलो आणि ब्रेकच्या ड्रमला हात लावला. तळवा भाजला. उतारावर ब्रेक तापतो, हे समजू शकतो. पण आम्ही चढून आलो होतो. चढावर ब्रेक कशाला तापेल?

मी मान वर केली. भाऊ पुढे बघत होते, थंड भट्टीकडे. उजवा पाय पेडलवर होता, अलगद टेकवलेला. दोन वर्षं रोज मी ढकलत होतो ते निव्वळ गाडीचं वजन नव्हतं.

मी तळवा सदऱ्याला पुसून उठलो. त्यांनी पाय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी खाली आल्यावर ते म्हणाले, "धाकू, ब्रेक हल्ली नीट धरत नाही. लायनर झिजले असतील. नवीन आण. तू निवड, मी पैसे देतो."

मी घाटकोपरला गेलो. दुकानदाराने तीन प्रकार पुढे टाकले. मी प्रत्येक हातात घेऊन बघितला, नखाने खरवडला, कडेने जाडी मोजली. सगळ्यांत जाड, सगळ्यांत चांगला धरणारा घेतला. रात्री बसवला, खटकाही नवा टाकला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता भाऊ येऊन बसले. मी खांदा लावला. गाडी कालच्यापेक्षा जड लागली.